समुद्रात उतरण्याआधी दवाखान्यात या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पर्यटन पुरवणीत अंदमान आणि मालवण येथील स्कूबा डायव्हिंगविषयी, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली जाण्याविषयी, लेख प्रसिद्ध झाला होता. तो मी आवडीने वाचला आणि घरच्यांनाही वाचायला दिला. मात्र ‘पोहता येत नसले तरी हरकत नाही, कसलीही तयारी लागत नाही’ असे जे त्यात म्हटले आहे, त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला माझ्या व्यवसायामुळे आवश्यक वाटते. मी पवनी तालुक्यात अनेक वर्षांपासून दवाखाना चालवतो आणि डायव्हिंगचे प्राथमिक प्रशिक्षणही घेतलेले आहे. पाण्याखाली शरीराचे काय होते याचा अभ्यास आणि अनुभव असे दोन्ही गाठीशी असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

धानाचा चुकारा हाती आला किंवा मुलगा पुण्याला अथवा हैदराबादला नोकरीला लागला, की आमच्याकडची कुटुंबे आता समुद्राचा बेत आखतात. सहलीच्या कार्यक्रमात स्कूबा हा शब्द असतोच. कोणत्याही किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेल्या आपल्या मुलामुलींनी प्रवाळांची बेटे आणि त्यांतून फिरणारे मासे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अडचण एवढीच आहे, की जी तयारी निघण्याच्या किमान दोन महिने आधी गावातच सुरू व्हायला हवी, ती बोटीवर चढण्याच्या अर्धा तास आधी उरकली जाते. बॅगा भरून झालेल्या असतात, सकाळची गाडी असते आणि आदल्या संध्याकाळी एखादा तरुण मोबाइलवर आलेला अर्ज घेऊन दवाखान्यात येऊन म्हणतो, ‘सर, यावर फक्त तुमची एक सही पाहिजे होती.’ हा अर्ज म्हणजे डायव्हिंगपूर्व वैद्यकीय प्रश्नावली असते. दमा, फिट येणे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचे आजार, रक्ताचे विकार, गर्भारपण, चालू असलेली औषधे असे प्रश्न त्यात असतात. उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांनी तपासून लेखी संमती द्यावी, अशी अपेक्षा असते. पैसे भरलेले आणि तिकिटे काढलेली असली, की साहजिकच सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले जाते. त्यामुळे हा अर्ज सहल ठरवतानाच, पैसे भरण्यापूर्वी, हाती पडला पाहिजे.

‘आम्ही काही खोल जाणार नाही, सहा-सात मीटरच तर जायचे आहे’ असे पुष्कळ जण सांगतात. यातील समज दुरुस्त करणे फार गरजेचे आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्या शरीरावर एक वातावरणाएवढा दाब असतो आणि समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो आणि शरीराच्या पोकळ्यांत अडकलेल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येते. हेच प्रमाण पुन्हा निम्मे व्हायला मात्र ३० मीटरपर्यंत जावे लागते. थोडक्यात, दाबाचा सर्वांत तीव्र बदल वरच्या थरातच होतो आणि नवशिका माणूस नेमका त्याच थरात खालीवर करत असतो. कानाचे आणि फुप्फुसाचे अपघात उथळ पाण्यातही का होतात, याचे कारण हेच आहे.

यातही पहिला मान कानाचा. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली लहानशी पोकळी असते आणि ती एका बारीक नळीने घशाला जोडलेली असते. बाहेरून पाण्याचा दाब वाढला, की या नळीतून हवा आत गेली तरच पडदा समतोल राहतो. ती गेली नाही, तर मीटर-दीड मीटरवरच कानात दडा बसतो, मग कळ येते आणि तरीही खाली जात राहिले तर पडदा फाटू शकतो. हे टाळण्यासाठी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, अगदी हलकेच नाकात हवा दाबायची असते किंवा नाक धरूनच आवंढा गिळायचा असतो. खाली उतरताना पाय खाली आणि डोके वर ठेवावे, हातभर अंतर उतरले की एकदा हवा द्यावी आणि दुखण्याची वाट पाहू नये. दुखलेच, तर जोर लावण्याऐवजी थोडे वर यावे आणि प्रशिक्षकाला खुणेने कानाकडे बोट दाखवावे. जिवाच्या आकांताने हवा दाबली, तर आतल्या कानाला इजा होऊन कायमचे बहिरेपण येऊ शकते.

ही क्रिया घरी बसून शिकता येते. दवाखान्यात मी ऑटोस्कोपने कानात पाहत असताना समोरच्याला नाक धरून हलकेच हवा द्यायला सांगतो. निरोगी कान असेल, तर मोत्यासारखा चमकणारा पडदा त्या क्षणी किंचित बाहेर फुगताना स्पष्ट दिसतो आणि रुग्णालाही दोन्ही कानांत बारीक ‘पट्’ असा आवाज ऐकू येतो. काहींचा एकाच बाजूचा पडदा हलतो, तर काहींचा मुळीच हलत नाही. नाकाचे हाड वाकडे असणे, जुनी सर्दी, ॲलर्जी ही त्याची नेहमीची कारणे आहेत. आमच्या भागात दिवाळीनंतर धानाची मळणी सुरू झाली, की तिच्या धुळीने अर्ध्या गावाचे नाक चोंदलेले असते. सहलींचा मोसमही नेमका त्याच सुमारास सुरू होतो. अशा नाकाने पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. नाक मोकळे करणारी गोळी किंवा थेंब घेऊन उतरणे हा उपाय नव्हे, कारण औषधाचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला, तर वर येताना हवा कानात कोंडते. सर्दी असेल त्या दिवशी डायव्हिंग रद्द करावे, पैसे गेले तरी चालतील.

कान वाहण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. लहानपणापासून कान वाहत असणे, हा खेड्यात आजारच समजला जात नाही. लसणाचे तेल सोडले जाते, कापसाचा बोळा घातला जातो आणि कान कोरडा झाला की विषय संपतो. पडद्याला पडलेले छिद्र मात्र तसेच राहते. अशा कानाने समुद्रात उतरले, की शरीरापेक्षा थंड असलेले पाणी थेट आत शिरते, तोल सांभाळणारे इंद्रिय गोंधळते आणि पाण्याखाली भयंकर गरगरून उलटी येते. वर कोणते आणि खाली कोणते, हेही त्या वेळी कळेनासे होते. म्हणून मी पुन्हा सांगतो की दोन महिने आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवावे. भंडारा, नागपूर, चंद्रपूर येथील शासकीय रुग्णालयांत ही तपासणी होते. कानात मळ असेल तर तो काढून घेता येतो, जंतुसंसर्ग असेल तर उपचाराला वेळ मिळतो आणि पडद्याला छिद्र निघाले तर मुलाला उथळ, शांत पाण्यात डोके वर ठेवून किंवा काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ दाखवण्याचा बेत आखता येतो.

आता फुप्फुसांविषयी. आपल्या पुरवणीत ‘पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर’ असे छापले आहे. हौशी डायव्हिंगच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो. आपण श्वासात घेतो तीच गाळलेली, कोरडी हवा, म्हणजे सुमारे २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकीचा बहुतेक नायट्रोजन, सुमारे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळपास दोनशेपट, दाबाने त्यात भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन तर ६ मीटरच्या खाली शरीराला विषारी ठरू शकतो आणि पाण्याखालीच झटके येऊ शकतात. ही दुरुस्ती आपण आवर्जून छापावी, कारण ‘ऑक्सिजन मिळणार आहे, मग दम्याला काय भीती’ असे सांगणारी माणसे मला भेटलेली आहेत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दम्यात श्वासनलिका आकसून फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकू शकते आणि वर येताना ती हवा प्रसरण पावते.

या प्रसरणाचा धोका सर्वांत जास्त कोणाला आहे, हे मला विशेष लिहावेसे वाटते. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले माजी मालगुजारी तलाव गावोगाव आहेत आणि ढीवर समाजाची मुले डोंगा वल्हवता वल्हवताच पोहायला शिकतात. श्वास रोखून तळाशी जाणे आणि हाताला लागेल ते घेऊन वर येणे हा त्यांच्या अंगवळणी पडलेला खेळ असतो. अशा पोहणाऱ्याला आत्मविश्वास असतो आणि तो असायलाही हवा. परंतु स्कूबामध्ये श्वास रोखण्याची हीच सवय जिवावर बेतू शकते. तलावात बुडी मारणाऱ्याने हवा वर, साध्या दाबाला, घेतलेली असते. ती खाली जाताना आकसते आणि वर आल्यावर मूळ आकाराला येते, म्हणून काही बिघडत नाही. स्कूबा करणारा मात्र १० मीटरवर दुप्पट दाबाची हवा छातीत भरून घेतो. तोच श्वास रोखून तो वर आला, तर त्या हवेचे आकारमान दुप्पट होऊ पाहते, छातीत तेवढी जागा नसते आणि फुप्फुसाचा नाजूक पडदा फाटतो. तेथून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले, तर पक्षाघातासारखी लक्षणे किंवा मृत्यूही संभवतो. छाती पूर्ण भरलेली असताना जेमतेम सव्वा-दीड मीटर वर येणेही यासाठी पुरेसे असते. म्हणून जगभर नवशिक्याला पहिला नियम एकच शिकवतात, की श्वास कधीही रोखू नका. सावकाश आत घ्या, त्याहून सावकाश बाहेर सोडा आणि वर येताना स्वतःच्या बारीक बुडबुड्यांच्या पुढे जाऊ नका.

ही सवय बदलायला घरी बसून सुरुवात करता येते. एक चांगला मास्क आणि श्वासनळी, म्हणजे स्नॉर्केल, आधीच विकत घ्यावी. मास्क पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने हलका श्वास ओढला असता तो चेहऱ्याला चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा समजावा. दाट मिशी असेल तर नाकाखालची कड थोडी कातरावी लागते, नाहीतर तेथून पाणी झिरपत राहते. मग कमरेएवढ्या स्वच्छ पाण्यात, काठावर जाणते माणूस उभे असताना, चेहरा पाण्यात घालून केवळ तोंडाने श्वास घेण्याचा सराव करावा. नाकाला पाणी लागले तरी तोंडाने शांतपणे श्वास चालू ठेवणे, ही साधी वाटणारी गोष्ट पहिल्या दिवशी बहुतेकांना जमत नाही आणि पाण्याखालची घबराट बहुधा येथूनच सुरू होते. मास्कमध्ये पाणी शिरले तर मान किंचित वर करून, मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरून, नाकाने जोरात श्वास सोडला की पाणी खालून निघून जाते. तलावात श्वास रोखण्याच्या शर्यती मात्र लावू नयेत. दीर्घ श्वास भराभर घेऊन बुडी मारणारे धडधाकट तरुण काही कळायच्या आत पाण्यात बेशुद्ध होतात.

पोहण्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रशिक्षकाने हात धरून नेलेल्या चाचणी-डाइव्हसाठी पोहता येणे सक्तीचे नसते आणि अशा डाइव्हची कमाल मर्यादा साधारण १२ मीटर असते, हे खरे आहे. परंतु ‘ओपन वॉटर’ हा पहिला अभ्यासक्रम, ज्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येते, त्यासाठी न थांबता २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे पाण्यावर तरंगून राहणे आवश्यक असते. माझे मत विचाराल, तर चाचणी-डाइव्हलाही एवढी तयारी असावी. ज्याला पाण्यात स्वतःला सांभाळता येते, तो घाबरत नाही आणि जो घाबरत नाही, त्याची हवाही कमी खर्च होते. १२ लिटरच्या टाकीत सुमारे २४०० लिटर हवा असते, पण १० मीटरवर ती पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने संपते आणि धापा टाकणारा माणूस ती याहूनही लवकर संपवतो.

आपल्या भागातील काही आजारांचा उल्लेख पर्यटनविषयक लेखांत कधी सापडत नाही, म्हणून तो येथे करतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक विदर्भात मोठ्या संख्येने आहेत. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेमुळे तपासणीची सोय आता खेड्यांपर्यंत आलेली आहे. सिकलसेल आजार असलेल्यांनी स्कूबा डायव्हिंग करू नये, कारण ऑक्सिजनची कमतरता, थंडी, थकवा आणि शरीरातील पाणी कमी होणे यांपैकी कशानेही त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. केवळ वाहक असलेल्यांनी आपले सिकलसेल तपासणीचे कार्ड दाखवून आधी डॉक्टरांशी बोलावे. अर्जात रक्ताच्या विकारांचा प्रश्न असतो, त्यात हे लपवू नये. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसात जुने व्रण किंवा पोकळ्या राहिलेल्या असू शकतात आणि तेथे हवा अडकू शकते. त्यांनी छातीचा एक्स-रे काढून तज्ज्ञांचे मत घेतल्याखेरीज पाण्यात उतरू नये. आपोआप फुप्फुसातून हवा गळण्याचा प्रकार ज्यांना एकदा झालेला आहे किंवा ज्यांना फिट येतात, त्यांनी हा नाद सोडावा, असेच मी सांगतो.

खर्ऱ्याविषयीही लिहितो. सुपारी आणि तंबाखू वर्षानुवर्षे चघळल्याने तोंडाच्या आतला भाग कडक होत जातो आणि जबडा पुरेसा उघडत नाही. माझ्या दवाखान्यात पंचविशीतली अशी मुले येतात, ज्यांच्या तोंडात दोन बोटे उभी मावत नाहीत. स्कूबामध्ये हवा रेग्युलेटरमधून येते आणि त्याचे रबरी टोक ओठांत घेऊन दातांनी अलगद धरून ठेवावे लागते. ज्याचा जबडा पाच मिनिटांत भरून येतो, त्याने अर्धा तास ते कसे धरावे? खर्रा सोडायला समुद्रसहलीचे निमित्त पुरत असेल तर ते अवश्य करावे. तोंड कमी उघडत असेल, तर आधी दंतवैद्यांना दाखवावे.

पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. पाण्यात शिरताच हातपायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावरचा भार वाढतो. डायव्हिंगमधील मृत्यूंत वयस्कर मंडळींच्या बाबतीत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. दोन महिने रोज भरभर चालणे किंवा सायकल चालवणे, ही सर्वांत स्वस्त तयारी आहे. भगिनी संकोचाने विचारतात म्हणून सांगतो, की मासिक पाळीत डायव्हिंग करायला वैद्यकीय मनाई नाही. गर्भारपणात मात्र ते करू नये.

कार्यक्रमाची आखणी हाही तयारीचाच भाग आहे आणि येथे सहल-आयोजकांकडून हमखास चूक होते. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो, पण त्याला काही तास लागतात. त्याआधीच विमानात बसले, की केबिनमधील कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखणे, हातापायांना मुंग्या येणे, अंगावर चट्टे उठणे, क्वचित पाय लुळे पडणे असा त्रास होऊ शकतो. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केले असेल तर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा मान्य संकेत आहे. साध्या हिशेबाने पूर्ण एक दिवस सोडावा. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या कार्यक्रमपत्रिकांत ‘शेवटचे आकर्षण’ म्हणून स्कूबा अखेरच्या दिवशी ठेवलेले असते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असते. अंदमानला जाणाऱ्यांनी आयोजकांना स्पष्ट सांगावे, की स्वराज द्वीपावरील डायव्हिंग आधी उरका आणि सेल्युलर कारागृह शेवटच्या दिवशी दाखवा. मालवणहून गाडीने परतणाऱ्यांनाही घाट चढावा लागतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि वरील संकेत ६०० मीटरहून अधिक उंचीला लागू धरतात. उथळ चाचणी-डाइव्हनंतर धोका कमी असला, तरी त्या रात्री किनाऱ्यावरच मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघणे चांगले. दोन-तीन दिवस आधीपासून भरपूर पाणी प्यावे, मद्य टाळावे. बोट लागण्याची गोळी नवखी असेल तर ती घरी एकदा घेऊन पाहावी, कारण काही गोळ्यांनी फार झोप येते आणि पाण्याखाली गुंगी असणे बरे नाही.

केंद्र निवडताना प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, एका प्रशिक्षकामागे किती पर्यटक आणि बोटीवर तातडीचा ऑक्सिजन आहे काय, एवढे तरी विचारावेच. आपल्याच राज्यात तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिचा उपयोग आपल्या लोकांनी करून घ्यावा. बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत लाइफ जॅकेट अंगात असावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांना घेऊन येणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, ते पाण्याखाली नव्हते हे लक्षात घ्यावे. खुणाही घरीच पाठ कराव्यात. आपल्याकडे अंगठा वर केला की ‘सगळे ठीक’ असा अर्थ होतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून करतात. घाईत चुकीची खूण केली तर प्रशिक्षक आपल्याला सरळ वर घेऊन जाईल आणि डाइव्ह तेथेच संपेल. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, त्यामुळे नंबर असलेल्यांनी नंबराच्या काचेचा मास्क मिळतो काय, याची आधी चौकशी करावी.

पाण्याखाली हात आपल्याजवळच ठेवावेत. प्रवाळ हा दगड नाही, तो सजीवांची वसाहत आहे आणि त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतकीच होते. फोटोसाठी त्याला धरून उभे राहिले, की कित्येक वर्षांची वाढ एका झटक्यात मोडते. प्रवाळ तोडणे किंवा घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय प्रवाळाच्या आडोशाला काटेरी समुद्री अर्चिन आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा बसलेला असू शकतो.

माझ्या सहव्यवसायी मित्रांनाही एक विनंती आहे. सहलीहून परतलेला रुग्ण दुखरा खांदा, मुंग्या किंवा विचित्र थकवा घेऊन आला, तर गेल्या दोन-तीन दिवसांत डायव्हिंग केले होते काय, हे अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्याला आडवे झोपवून शुद्ध ऑक्सिजन सुरू करावा आणि पुनर्दाब कक्ष (रुग्णाला पुन्हा वाढीव दाबाखाली ठेवण्याची खोली) असलेल्या रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. वेदनाशामक देऊन घरी पाठवू नये.

संपादक महोदय, आपण पुढील पर्यटन पुरवणीत डायव्हिंगवरील लेखाशेजारी ही वैद्यकीय प्रश्नावली मराठीतून पूर्ण छापावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. इंग्रजीतला अर्ज आमच्याकडचा पालक न वाचताच सही करतो. मराठी मजकूर तपासून देण्याची माझी तयारी आहे, त्यासाठी कोणतेही मानधन नको. जिल्ह्यातील सहल-आयोजकांनीही हाच अर्ज नोंदणीच्या पावतीसोबत द्यावा आणि डॉक्टरांनी नकार दिल्यास डायव्हिंगचे पैसे परत मिळतील, असे त्यावर लिहून द्यावे. यंदाच्या हंगामात ज्या पालकांना मुलांचे कान तपासून घ्यायचे असतील, त्यांनी मळणीची गडबड सुरू होण्याआधी यावे. मळणीआधीच्या दिवसांत दवाखान्यात गर्दी कमी असते आणि नाक धरून हवा देण्याचा सराव प्रत्येकाकडून शांतपणे करून घेता येतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वैद्यकीय व्यावसायिक,
ता. पवनी, जि. भंडारा